शाळांमधली वांशिक दरी : डिस्ट्रिक्टच्या रिपोर्ट कार्डातले आकडे कसे वाचायचे?

निळावंती

अमेरिकेतल्या शाळांमध्ये कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गोऱ्या मुलांच्या निकालांत वर्षानुवर्षं जो फरक दिसतो, त्याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) या विषयावर पालकांची समिती नेमली आहे. समितीपुढे राज्याचं रिपोर्ट कार्ड ठेवलं जातं. त्यात तिसरी ते आठवीच्या गणित आणि वाचनाच्या परीक्षेत प्रत्येक गटातली किती टक्के मुलं 'प्रोफिशियंट' (अपेक्षित पातळी गाठलेली) ठरली एवढंच असतं. पहिल्या सादरीकरणात दोन रेघांचा एक आलेख होता आणि खाली लिहिलं होतं, "दरी कमी होत आहे."

माझे प्रश्न :

१. टक्केवारीतला फरक कमी झाला म्हणजे दरी खरंच कमी झाली का? नसेल तर नेमकं काय मागायचं?
२. बैठकीत कोणीतरी म्हणतंच, की हा सगळा गरिबीचा परिणाम आहे, वंशाचा नाही. हे कितपत खरं?
३. घर, शेजार, उत्पन्न हे काही डिस्ट्रिक्टच्या हातात नाही. मग त्याच्या हातात आहे तरी काय?

नुसती मतं नकोत, तपशील हवेत. समितीत बोलायला उभं राहायचं तर हाताशी काहीतरी ठोस लागतं.

त्रिज्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बहुतेक समित्या तिथेच फसतात.

टक्केवारीच्या दोन रेघा जवळ आल्या म्हणून दरी घटली असं म्हणता येत नाही. लांब गेल्या म्हणून वाढली असंही म्हणता येत नाही. पास-नापासची रेघ कुठे मारली आहे यावर तो फरक हवा तसा आकुंचन-प्रसरण पावतो.

हिशेबच करून बघा. दोन गट धरा. दोघांच्याही गुणांचा पसारा सारखा, नेहमीच्या घंटेच्या आकाराचा, आणि सरासऱ्यांमध्ये ०.८ स्टँडर्ड डिव्हिएशनचं (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) अंतर. पुढे नुसतं एसडी म्हणते. आता प्रोफिशियंटची रेघ दोन्ही सरासऱ्यांच्या बरोबर मधोमध मारली, तर वरच्या गटातली ६५.५ टक्के मुलं पार होतात आणि खालच्या गटातली ३४.५ टक्के. फरक ३१ अंकांचा. रेघ खाली नेली, म्हणजे वरच्या गटाच्या सरासरीच्या १.५ एसडी खाली, तर ९३.३ आणि ७५.८. फरक १७.५. तीच रेघ त्या सरासरीच्या १ एसडी वर नेली, तर १५.९ आणि ३.६. फरक १२. मुलं तीच, गुण तेच, आणि तुमच्या स्लाइडवर ३१, १७.५ किंवा १२ यांपैकी काहीही येऊ शकतं.

आता काही वर्षांत दोन्ही गट सारखेच, ०.३ एसडीने सुधारले असं धरा. सरासऱ्यांमधलं अंतर तसूभरही हललेलं नाही. पण जिथे रेघ खाली आहे तिथे फरक १७.५ वरून १२ वर उतरतो आणि "दरी कमी होत आहे" अशी स्लाइड तयार होते. जिथे रेघ वर आहे तिथे तोच फरक १२ वरून १७.५ वर चढतो आणि लोक डिस्ट्रिक्टला धारेवर धरतात. दोन्ही निष्कर्ष चूक.

म्हणून तीन गोष्टी मागा : प्रत्येक गटाची सरासरी स्केल स्कोअर (राज्याच्या परीक्षेच्या ठरलेल्या मापावरचे गुण), त्या इयत्तेचा एसडी, आणि परीक्षा दिलेल्या मुलांची संख्या. एसडी डिस्ट्रिक्टकडे नसेल तर राज्याच्या परीक्षेच्या टेक्निकल रिपोर्टमध्ये इयत्तावार छापलेला असतो. सरासऱ्यांची वजाबाकी करा, एसडीने भागा. हा आकडा वर्षावर्षांत आणि इयत्ताइयत्तांत तुलना करण्याजोगा असतो. प्रत्येक वर्षी त्याच वर्षाचा एसडी वापरा, एकच एसडी सगळीकडे चिकटवू नका.

मग तपासायच्या गोष्टी. या तपासल्या नाहीत तर बरोबर काढलेला आकडाही फसवतो.

राज्याने मधल्या काळात परीक्षा बदलली का, किंवा प्रोफिशियंटची रेघ सरकवली का? बदलली असेल तर टक्केवारीची रेघ तिथे तोडायची, सलग ओढायची नाही.

किती मुलांनी परीक्षा दिली? २०१५ च्या एसा (एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट) या केंद्रीय शिक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येक गटातल्या ९५ टक्के मुलांची परीक्षा व्हायला हवी. एखाद्या गटातली बरीच मुलं गैरहजर राहिली तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते.

गटात कोण मोजलं जातं? इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात हे सगळ्यात जास्त घडतं. ज्या मुलाला इंग्रजी चांगलं यायला लागतं, तो त्या गटातून बाहेर पडतो. म्हणजे यशस्वी मुलं गटातून निघून जातात आणि गट कायम 'मागे' दिसतो. एसाने राज्यांना अशी बाहेर पडलेली मुलं आणखी ४ वर्षांपर्यंत त्याच गटात धरायची मुभा दिली आहे. तुमच्या राज्यात काय करतात ते विचारा. वंशाच्या रकान्यांतही असंच आहे. २०१०-११ पासून 'दोन किंवा अधिक वंश' असा वेगळा रकाना आला, आणि ज्याने हिस्पॅनिक म्हणून खूण केली तो कुठल्याही वंशाचा असला तरी हिस्पॅनिकमध्येच मोजला जाऊ लागला. त्या आधीची आणि नंतरची वर्षं एका रेघेत जोडू नका.

शेवटचं, इयत्ता नव्हे तर तुकडी पकडा. २०२२ ची तिसरी आणि २०२४ ची तिसरी ही वेगवेगळी मुलं. २०२२ ची तिसरी आणि २०२४ ची पाचवी ही बरीचशी तीच मुलं. शाळेने काय केलं हे कळायचं असेल तर दुसरी जोडी बघायची.

'प्रोफिशियंट' या शब्दावरून समितीत हमखास गोंधळ होतो, म्हणून एक जोड. नेप या राष्ट्रीय परीक्षेचा प्रोफिशियंट आणि राज्याचा प्रोफिशियंट वेगवेगळे. नेपमध्ये चौथीच्या वाचनात बेसिकची रेघ २०८ वर आणि प्रोफिशियंटची २३८ वर आहे. नेपचा प्रोफिशियंट म्हणजे 'इयत्तेला साजेसं' नव्हे, त्याहून बरंच वरचं. बहुतेक राज्यांची प्रोफिशियंटची रेघ नेपच्या बेसिकच्या टप्प्यात किंवा त्याखाली पडते. त्यामुळे दोन्हींच्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी मांडणं निरर्थक.

काठपदर

त्रिज्यांच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पण त्याआधी समितीला एक गोष्ट दाखवा : ही दरी अचल नाही.

नेपची दीर्घ पल्ल्याची मालिका ९, १३ आणि १७ वर्षांच्या मुलांची; १७ वर्षांच्या मुलांची शेवटची फेरी २०१२ ला झाली. वाचनात १७ वर्षांच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरासरीत १९७१ साली ५३ गुणांचं अंतर होतं. १९८८ साली ते २० वर आलं. १३ वर्षांच्या मुलांत ३९ वरून १८ वर. सतरा वर्षांत निम्म्याहून जास्त दरी बुजली. त्यानंतर गाडी अडली. २०१२ ला हे आकडे २६ आणि २३ होते. आणि कोविडने काय केलं तेही याच मालिकेत दिसतं. २०२० ते २०२२ या दोन वर्षांत ९ वर्षांच्या गोऱ्या मुलांची गणिताची सरासरी ५ गुणांनी घसरली, कृष्णवर्णीय मुलांची १३ गुणांनी. अंतर २५ चं ३३ झालं.

जो फरक एका पिढीत निम्म्यावर येतो आणि दोन वर्षांत ८ गुणांनी वाढतो, तो रक्तातून आलेला असू शकत नाही. परिस्थिती हलली की तो हलतो. १९७१ ते १९८८ मध्ये शाळेतून बाहेर पडलेली मुलं कोण होती ते आठवा. १९६५ ला हेड स्टार्ट (गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी शाळापूर्व कार्यक्रम) आणि टायटल १ (गरीब मुलं असलेल्या शाळांना केंद्राचा निधी) सुरू झाले. दक्षिणेकडच्या राज्यांत, वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाची खरी अंमलबजावणी १९६० च्या दशकाच्या शेवटी झाली. दवाखान्यांतला वर्णभेदही त्याच सुमारास उठला. आणि कृष्णवर्णीय पालकांचं स्वतःचं शालेय शिक्षण आधीच्या पिढीपेक्षा पुष्कळ वाढलं होतं. यांतल्या कुठल्या कारणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण ही कारणं एकाच वेळी काम करत होती.

मग अडलं कुठे? दोन निकाल बघा. १९७३ च्या सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने म्हटलं, की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि घरपट्टीवर शाळा चालवणं घटनाबाह्य नाही. १९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात, पुन्हा ५-४ ने, डेट्रॉइटच्या शाळांचं एकत्रीकरण उपनगरांच्या डिस्ट्रिक्टपर्यंत नेता येणार नाही असं ठरलं. म्हणजे डिस्ट्रिक्टची हद्द ही भिंत झाली. हद्दीच्या आत मुलं मिसळा, हद्दीपलीकडे न्यायालय बोलणार नाही. आज शाळांतलं वांशिक विलगीकरण मुख्यतः एकाच डिस्ट्रिक्टच्या दोन शाळांत नसून दोन शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे, त्याचं मूळ इथे आहे.

आता 'सगळी गरिबी' या मुद्द्याबद्दल. गरिबी मोजायला रिपोर्ट कार्डावर एकच रकाना असतो : मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणारी मुलं. मोफतसाठी उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत, सवलतीसाठी १८५ टक्क्यांपर्यंत. हा रकाना आता फार भोंगळ झाला आहे. ज्या शाळांत सरकारी मदतीमुळे आपोआप पात्र ठरणाऱ्या मुलांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे, त्या शाळा सगळ्याच मुलांना मोफत जेवण देऊ शकतात. ही सोय २०१४-१५ पासून देशभर आहे. मर्यादा ४० टक्के होती, २०२३ मध्ये ती २५ वर आणली. अशा शाळेत बऱ्याचदा कागदोपत्री प्रत्येक मूल 'गरीब' होतं. मग कोणी "गरीब गोरी मुलं आणि गरीब कृष्णवर्णीय मुलं" अशी तुलना मांडली, तर ती तुलना शाळाशाळांची असते, घरांची नसते. त्याऐवजी डायरेक्ट सर्टिफिकेशनचा आकडा मागा, म्हणजे स्नॅप (गरीब कुटुंबांना अन्नासाठी सरकारी मदत) वगैरे योजनांच्या यादीवरून थेट पात्र ठरलेली मुलं.

आणि नीट मोजलं तरी उत्पन्न म्हणजे सगळं नव्हे. त्याच उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची साठवलेली मालमत्ता गोऱ्या कुटुंबापेक्षा बरीच कमी असते आणि ते सहसा जास्त गरीब वस्तीत राहतं. १९३० च्या दशकापासून घरकर्जांत जी वांशिक बंदी चालली, त्याचा हा वारसा. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांच्या गटाने देशभरातले तिसरी ते आठवीचे निकाल एका मापावर आणले आहेत. त्यातून दिसलेली मुख्य गोष्ट अशी : ज्या ठिकाणी कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त गरीब वर्गमित्र असलेल्या शाळांत जातात, तिथे दरी मोठी असते आणि इयत्तागणिक जास्त वेगाने वाढते. म्हणजे वांशिक विलगीकरण नुकसान करतं ते गरिबी एकाच शाळेत गोळा करून.

रुईफूल

पण बालवाडीत येणाऱ्या मुलांवर एक प्रसिद्ध अभ्यास आहे ना, की घरची परिस्थिती हिशेबात घेतली की वंशाचा फरक जवळजवळ नाहीसा होतो? मग शाळांना दोष का द्यायचा? शिवाय आशियाई मुलं तर गोऱ्यांच्या पुढे आहेत.

काठपदर

तो फ्रायर आणि लेव्हिट यांचा २००४ चा अभ्यास. तुम्ही म्हणता ते त्याच्या पहिल्या अर्ध्याबद्दल बरोबर आहे. घरची आर्थिक-सामाजिक स्थिती, घरातली पुस्तकं, जन्माचं वजन अशा मोजक्या गोष्टी धरल्या, की बालवाडीच्या पहिल्या सत्रात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांतला फरक बहुतांशी जातो. पण तीच मुलं, त्याच गोष्टी धरून, पुढे शाळेत जसजशी वर सरकली तसतशी दरवर्षी साधारण ०.१ एसडीने मागे पडली. म्हणजे हा अभ्यास शाळांना दोषमुक्त करत नाही, उलट शाळेच्या वर्षांकडे बोट दाखवतो. शाळांतल्या विषमतेवरच्या १९६६ च्या सरकारी कोलमन अहवालाचंही असंच अर्धवट वाचन होतं. घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, हे त्यात आहे. शाळेने काही फरक पडत नाही, हे त्यात नाही.

आशियाई रकान्याबद्दल : त्यात भारतीय, चिनी, कोरियन, हमोंग (लाओसमधून आलेला एक समाज), कंबोडियन सगळे एकत्र. भारतातून आलेल्या आपल्या लोकांपैकी बरेच जण पदवी आणि नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे निवड होऊनच, इथे पोचले. लाओस आणि कंबोडियातून आलेली कुटुंबं युद्धातून पळून आली. दोघांची सरासरी काढून ती तिसऱ्याच समाजापुढे आदर्श म्हणून ठेवणं अन्यायाचं आहे, आणि त्याच सरासरीखाली हमोंग मुलांची अडचण दिसेनाशी होते तो वेगळाच अन्याय. आपल्या लोकांच्या बैठकांत हा मुद्दा फार सहज बोलला जातो, म्हणून जरा जोर देऊन लिहिलं.

सहस्ररश्मी

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण डिस्ट्रिक्टच्या हातात पुष्कळ काही आहे.

सुरुवात वर्गवारीपासून करा, म्हणजे कोणतं मूल साध्या वर्गात आणि कोणतं प्रगत वर्गात बसतं इथून. गणिताची साखळी बघा : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच वर्षं. बारावीत कॅल्क्युलस हवं तर आठवीत अल्जिब्रा १ हवा, आणि आठवीत तो हवा तर सहावीतच प्रगत गणिताच्या वर्गात बसावं लागतं. म्हणजे मूल अकरा वर्षांचं असताना, शिक्षकाच्या शिफारशीवर किंवा पालकाने केलेल्या एका फोनवर, बारावीचं दार उघडतं किंवा बंद होतं.

डिस्ट्रिक्टकडून एक तक्ता मागा. पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या दोन स्तरांत आलेली मुलं घ्या. त्यांतली किती सहावीत प्रगत गणितात बसली, हे गटवार. सारखेच गुण असलेल्या मुलांना सारखीच जागा मिळते का, एवढाच प्रश्न. इथे फरक निघाला तर त्याला घरची गरिबी, आईबापांचं शिक्षण, बालवाडी, काहीही कारण सांगता येत नाही. गुण तर मुलाने मिळवलेत.

उपाय ठाऊक आहे : शिफारस बंद, आपोआप प्रवेश. नॉर्थ कॅरोलिनाने २०१८ मध्ये कायदा केला, की परीक्षेत सर्वोच्च स्तर मिळवणाऱ्या मुलाला प्रगत गणित द्यायचंच. टेक्ससने २०२३ मध्ये पाचवीच्या वरच्या ४० टक्के मुलांना सहावीच्या प्रगत गणितात आपोआप बसवायचा कायदा केला. नको असेल तर पालकाने लेखी कळवायचं. घरी जाणारा फॉर्म 'हवं असल्यास सही करा' असा असेल तर जागरूक आणि इंग्रजी येणाऱ्या घरांचीच मुलं बसतात. 'नको असल्यास सही करा' असा केला की चित्र बदलतं.

यात बिघडतं काय? काही शाळांत प्रगत वर्गच नसतो, किंवा तो शिकवायला पात्र शिक्षक नसतो. काही ठिकाणी मूल बसतं, पहिल्या सहामाहीत अडखळतं आणि समुपदेशक त्याला गुपचूप खालच्या वर्गात हलवतात. म्हणून तक्त्यात दोन तारखा मागा : सप्टेंबरमध्ये किती होती आणि मे महिन्यात किती उरली. आणि त्या वर्गातल्या मुलांना आठवड्याला दोन-तीन जादा तास वेळापत्रकातच हवेत, शाळा सुटल्यावर नव्हे. शाळा सुटल्यावर बस निघून जाते.

गिफ्टेड कार्यक्रमाचंही (विशेष हुशार ठरलेल्या मुलांसाठीचे वेगळे वर्ग) हेच. फ्लोरिडातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टने शिफारशीची वाट न बघता दुसरीच्या सगळ्या मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. निवडीचा निकष बदलला नाही, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवड बरीच वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी हे तपासून मांडलं आहे. पुढे पैशांच्या टंचाईत सरसकट चाचणी बंद पडली आणि झालेला फायदाही ओसरला. ती मुलं आधीही शाळेतच होती, कोणी बघत नव्हतं.

शिकवणीबद्दल. 'ट्यूटरिंग देतो' असं डिस्ट्रिक्ट म्हणालं की चार गोष्टी विचारा : एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती, आठवड्यातून किती वेळा, शाळेच्या वेळात की नंतर, आणि शिकवणारा वर्षभर तोच असतो का. शिकागोच्या हायस्कुलांत जे मोजून सिद्ध झालं त्यात एका शिकवणाऱ्यामागे दोन मुलं होती, रोज एक तास, वेळापत्रकातला. एका वर्षात गणितात ०.१८ ते ०.४० एसडीचा फायदा झाला. खर्च मुलामागे वर्षाला ३,५०० डॉलरच्या वर. हाच कार्यक्रम सहा-आठ मुलांच्या गटात, आठवड्यातून एकदा, किंवा 'लागेल तेव्हा लॉग-इन करा' अशा ॲपवर नेला की नाव तेच राहतं, परिणाम जातो. ॲपवर लॉग-इन करणारी मुलं बहुतेक तीच असतात ज्यांना त्याची गरज सगळ्यात कमी.

शिक्षकांबद्दल दोन गोष्टी. बालवाडी ते तिसरीत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेली कृष्णवर्णीय मुलं हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात नाव घालण्याची १९ टक्क्यांनी जास्त असते, असं गर्शेनसन आणि सहकाऱ्यांना आढळलं. तेव्हा भरतीचा आणि सोडून जाणाऱ्यांचा हिशेब शाळावार मागा. दुसरं, वर्ग लहान करण्याचा आग्रह धरण्याआधी कॅलिफोर्नियाचं उदाहरण वाचा. टेनेसीत १९८५ पासून चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांनी फायदा दाखवला, कृष्णवर्णीय मुलांना जास्त. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये एका फटक्यात राज्यभर बालवाडी ते तिसरीचे वर्ग २० वर आणायला घेतले. एकदम हजारो शिक्षक लागले, सुस्थितीतल्या डिस्ट्रिक्टनी अनुभवी शिक्षक ओढून नेले आणि गरीब शाळांत अर्हता नसलेले लोक उभे राहिले. प्रयोग चांगला होता, अंमलबजावणीच्या घाईने त्याचं मातेरं झालं.

पैशाबद्दल थोडक्यात : आता प्रत्येक शाळेचा मुलामागचा प्रत्यक्ष खर्च जाहीर करणं सक्तीचं आहे, प्रत्यक्ष पगारांसकट. पूर्वी डिस्ट्रिक्टचा सरासरी पगार सगळीकडे लावायचे आणि नवखे शिक्षक असलेल्या शाळेवर कमी खर्च होतोय हे झाकलं जायचं. तो आकडा काढा.

शिस्तीच्या कारवाया. २०१३-१४ मध्ये देशातल्या सरकारी शाळांत १५.५ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि निलंबित झालेल्यांत त्यांचं प्रमाण ३९ टक्के. नुसती संख्या मागू नका, कारण मागा. मारामारी, हत्यार, अमली पदार्थ ही कारणं ठरवता येतात. 'उद्धटपणा', 'आज्ञाभंग' ही बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतात, आणि फरक तिथे साठतो. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून तिसरीपर्यंतच्या मुलांना आज्ञाभंगासाठी निलंबित करणं बंद केलं. दर १०० मुलांमागे निलंबनात बुडालेले दिवस, गटवार, हा आकडा मागितलात तर समितीतल्या लोकांना प्रश्न लगेच कळतो. शिकवण्याचे दिवस गेले की गुण जाणारच.

निळावंती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण राहिली. आमच्या मिडल स्कूलमध्ये सहावीत कृष्णवर्णीय मुलं जेमतेम २२ आहेत. काही रकान्यांत आकड्याऐवजी नुसती फुली असते. डिस्ट्रिक्ट म्हणतं, इतक्या लहान गटाबद्दल काही बोलताच येत नाही. खरंच नाही का येत?

त्रिज्या

येतं, पण काय बोलता येतं याची मर्यादा सांभाळून.

ती फुली खाजगीपणाच्या कायद्यामुळे असते. गट लहान असला की आकड्यावरून मूल ओळखू येतं. किती मुलांखाली आकडा झाकायचा आणि किती मुलांखाली शाळेला त्या गटाबद्दल जाब विचारायचा नाही, हे राज्य ठरवतं. हिशेबासाठीचा किमान गट बहुतेक राज्यांत १० ते ३० च्या दरम्यान आहे. इतर रकान्यांतून वजाबाकी करून झाकलेला आकडा काढायचा खटाटोप करू नका. मुलांची नावं ओळखू आली तर समितीवरचा विश्वासच जाईल.

आता २२ मुलांत काय दिसतं? टक्केवारीत एक मूल म्हणजे ४.५ अंक. यंदा दोन मुलं जास्त पास झाली की "९ अंकांची झेप". त्याला काही अर्थ नाही. सरासरी घेतली तर बरं, पण तिथेही अनिश्चितता मोठी आहे. एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला १५० मुलं धरली तर एसडीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने आकडा साधारण किती हलतो ते) १/२२ अधिक १/१५० यांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ०.२३. दोन्ही बाजूंना त्याच्या जवळजवळ दुप्पट मर्यादा धरायची : ±०.४५. म्हणजे ०.७ ची दरी निघाली तर खरी ०.२५ ते १.१५ मध्ये कुठेही असू शकते. दरवर्षी ती वरखाली होणार आणि दरवर्षी कोणीतरी त्याचं कारण सांगणार.

तीन वर्षांची सहावी एकत्र करा. ६६ आणि ४५० मुलं झाली की तीच मर्यादा ±०.२६ वर येते. प्रत्येक वर्षीचे गुण त्या वर्षीच्या राज्याच्या सरासरी आणि एसडीने मोजून मगच एकत्र करा. फक्त एक काळजी घ्या : सहावी, सातवी, आठवी आणि तीन वर्षं असं सगळं एकत्र ओतलं तर एकच मूल तीनदा मोजलं जातं आणि खात्री खोटीच वाढते. एकच इयत्ता धरा, किंवा प्रत्येक मूल एकदाच घ्या.

गुणांपेक्षा सहस्ररश्मींनी सांगितलेला तक्ता लहान शाळेत जास्त कामाचा, कारण तिथे अंदाज बांधायचा नसतो, निर्णय मोजायचे असतात. पाचवीत वरच्या स्तरांत आलेल्या मुलांपैकी कोणाला जागा मिळाली नाही, हे डिस्ट्रिक्टने आतल्या आत नावानिशी तपासावं आणि समितीला फक्त एवढं सांगावं : किती मुलं पात्र होती, किती बसली, न बसलेल्या प्रत्येकाबाबतीत कारण काय नोंदलं आहे. कारणाचा रकाना कोरा असेल तर तसं लिहायला सांगा. लेखी मागणी बैठकीच्या अजेंड्यात जाईल अशी वेळेत द्या, तोंडी विचारलंत तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच दोन रेघा समोर येतील.